वाट मोकळी करणारा मेजर

पावसाळ्यात घाटात झाड आडवं पडलं की काय होतं, हे तुम्हांला सांगायला नको. एस. टी. थांबते. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, कंडक्टर खाली उतरून बघून येतो आणि 'तासभर तरी लागंल' असं सांगून मोकळा होतो. माणसं उतरतात, तंबाखू मळतात, सरकारला नावं ठेवतात. मग कुणीतरी जवळच्या वाडीतून कुऱ्हाड आणतो, दोघं-तिघं दोर लावतात आणि बाकीचे कसं ओढायचं ते सांगत बाजूला उभे राहतात. झाड सरतं, गाडी सुटते. कुऱ्हाड आणणारा गडी कोण होता, कुठल्या वाडीचा होता, हे गाडीतल्या एकालाही माहीत नसतं.

वाचकहो, आज ज्या माणसाची आठवण तुमच्यापुढं मांडायची आहे, त्यानंही रस्त्यात आडवी पडलेली झाडंच बाजूला केली. फुटलेल्या मोऱ्यांशेजारून वळण रस्ते काढले, ढासळलेल्या बांधावरून गाड्या जातील अशी वाट केली. कामं बघाल तर आपल्या पाणंद रस्त्यावरचीच. फक्त त्या झाडांभोवती सुरुंग पेरलेले होते आणि समोरच्या डोंगरावरून मशीनगन चालू होती.

मेजर रामा राघोबा राणे, परमवीरचक्र. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. जन्म २६ जून १९१८, मृत्यू जुलै १९९४, पुण्यात. शहात्तर वर्षांचं आयुष्य. त्यातले चारच दिवस इतिहासाच्या पुस्तकात आले. त्या चार दिवसांबद्दल तर सांगणारच आहे. पण बाकीच्या शहात्तर वर्षांबद्दलही थोडं बोलू.

राण्यांचं गाव कारवारजवळचं चेंडिया. आज हा भाग कर्नाटकात आहे, पण १९५६ पर्यंत उत्तर कानडा जिल्हा मुंबई राज्यातच होता. वडील पोलीस शिपाई. पोलिसाच्या पोराचं शिक्षण कसं होतं ते ज्यांच्या घरी खाकी वर्दी आहे त्यांना ठाऊक असेल. बापाची बदली झाली की पोराची शाळा बदलते. एका गावात ओळखी होतात न होतात तोच बिऱ्हाड हलतं. त्यातच १९३० साल उजाडलं आणि गांधीजींच्या चळवळीचं वारं सुटलं. बारा वर्षांचा रामा त्यात ओढला जायला लागला. आता विचार करा, बाप इंग्रज सरकारचा शिपाई आणि पोरगं चळवळीकडं निघालेलं! वडिलांनी सरळ कुटुंबाला गावी, चेंडियाला आणून ठेवलं. ह्यात बापाला दोष देण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. नोकरी गेली तर खायचं काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

तोच मुलगा दहा वर्षांनी, जुलै १९४० मध्ये, त्याच सरकारच्या पलटणीत भरती झाला. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. आपल्या भागातली किती पोरं त्या वेळी सैन्यात गेली! कुणी पोटासाठी, कुणी भावकीच्या कटकटीला कंटाळून, कुणी नुसत्या वर्दीच्या ओढीनं. राणे खडकीला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये दाखल झाले आणि भरतीच्या तुकडीतला सर्वांत चांगला जवान म्हणून पहिल्याच खेपेला निवडले गेले. कमांडंटची मानाची छडी त्यांना मिळाली.

इथं एक गोष्ट उलगडून सांगितली पाहिजे. सॅपर म्हणजे कोण? आपल्याला सैनिक म्हटलं की बंदूक घेऊन धावणारा माणूस दिसतो. पण सैन्याला पुढं जायला रस्ता लागतो, ओढ्यावर पूल लागतो, तळ पडला की पाणी लागतं. ही सगळी व्यवस्था सॅपरची. त्याच्या खांद्यावर बंदूक असते, पण दिवसभराचं काम पहार, कुदळ, फावडं, घमेलं आणि स्फोटकं यांच्याशी. पलटण पुढं निघाली की रस्ता करायला हा आघाडीवर, आणि पलटण मागं हटायला लागली की पूल उडवायला, दारूगोळ्याचे साठे नष्ट करायला हा शेवटपर्यंत मागं. राणे इंजिनिअर होते ते असे. कॉलेजच्या वर्गात बसून नव्हे, हाताला फोड आणून शिकलेले.

ब्रह्मदेशात अराकानच्या आघाडीवर त्यांना हेच भोगावं लागलं. त्यांची तुकडी २६ व्या डिव्हिजनबरोबर होती. डिव्हिजन माघारी निघाली तेव्हा बुथिडाँगच्या भागात राण्यांच्या हाताखाली दोन सेक्शन मागं ठेवले गेले. काम होतं दारूगोळ्याचा साठा उडवून देण्याचं. ते झालं की आरमाराची जहाजं येऊन त्यांना घेऊन जाणार, असं ठरलेलं. काम झालं, पण जहाजं पोचली नाहीत. पुढं नदी आणि नदीवर जपान्यांची गस्त. राण्यांनी आपली माणसं स्वतःच्या हिकमतीवर, गस्त चुकवून नदीपार आणली आणि डिव्हिजनला नेऊन मिळवली. ह्या कामगिरीनंतर ते हवालदार झाले. वरच्यांनी ठरवलेलं वाहन आलं नाही म्हणून हातपाय गाळून बसायचं नाही, हे त्यांना तिथंच कळलं असावं.

युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी राणे सेकंड लेफ्टनंट झाले. साध्या शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत. वय एकोणतीस. ह्या वयात कॉलेजातून आलेले अधिकारी कॅप्टन, मेजर झालेले असतात. राण्यांच्या खांद्यावर नुकताच एकेक तारा लागला होता आणि चार महिन्यांच्या आत त्यांना राजौरीच्या रस्त्यावर जावं लागलं.

तेव्हाची परिस्थिती थोडक्यात सांगतो. जम्मूच्या पश्चिमेला नौशेरा, झांगर, राजौरी हा डोंगराळ मुलूख. राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होती. तिथं भयानक कत्तली झाल्या होत्या आणि अनेक माणसं अजून अडकलेली होती. १८ मार्च १९४८ ला आपल्या फौजेनं झांगर परत घेतलं. आता राजौरी गाठायची. रणगाडे तयार होते, पायदळात डोग्रा रेजिमेंटची चौथी बटालियन तयार होती. पण नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा डोंगरातला तो एकच रस्ता शत्रूनं पद्धतशीर बंद करून ठेवला होता. जागोजाग सुरुंग. चीडाची मोठमोठी झाडं तोडून आडवी टाकलेली. मोऱ्या उडवलेल्या. रस्त्याच्या कडा फोडलेल्या. घाटरस्ता म्हणजे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. तिथं रणगाडा अडला की मागचं सगळंच अडलं. सदतिसाव्या असॉल्ट फील्ड कंपनीचा एक सेक्शन घेऊन राणे ह्या कामावर आले.

पुढचे चार दिवस मी घड्याळाच्या काट्याप्रमाणं सांगणार आहे, कारण परमवीरचक्राच्या मानपत्रात ते तसेच लिहिलेले आहेत. एरवी शौर्याची वर्णनं म्हणजे विशेषणांचा पाऊस. हे मानपत्र वाचताना मात्र मला मस्टर वाचल्यासारखं वाटलं. किती वाजता काम सुरू, किती वाजता बंद. ज्यांनी रोजगार हमीच्या कामावर हजेरी घेतली आहे त्यांना त्यातली गंमत कळेल.

८ एप्रिल, सकाळी ११. सव्विसाव्या मैलाजवळ राणे आणि त्यांची माणसं रणगाड्यांपाशी थांबलेली. काम सुरू व्हायच्या आधीच शत्रूचे उखळी तोफांचे गोळे येऊन पडले. दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेही होते. अशा वेळी कुणीही मागं गेलं असतं आणि कुणी बोललंही नसतं. राण्यांनी उरलेल्या माणसांची पुन्हा जुळणी केली आणि काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची धार आपल्या ताब्यात आली. आसपास शत्रू अजून आहे हे माहीत असूनही राणे माणसं घेऊन पुढं गेले आणि रणगाड्यांसाठी वळण रस्ता खणायला लागले. मशीनगनच्या माऱ्यात, शत्रूच्या नजरेसमोर, रात्री दहा वाजेपर्यंत.

९ एप्रिल. सकाळी सहाला पुन्हा हजर. दुपारी तीनला वळण रस्ता तयार. रणगाडे निघाले तशी राण्यांनी सगळ्यात पुढच्या गाडीत जागा घेतली. अर्धा मैल गेले तोच चीडाची झाडं आडवी. उतरले, स्फोटकं लावून उडवली. तीनशे यार्ड गेले, पुन्हा झाडं. पुन्हा तेच. पाच वाजले. पुढं मोरी उडवलेली. हात घालायच्या आधीच मशीनगन सुरू झाली. तरीही बाजूनं वळण काढून गाड्या पार केल्या. सव्वासहा वाजले, उजेड सरत आला आणि समोर पाच प्रचंड झाडांचा अडथळा. भोवती सुरुंग, वर मशीनगनचा पहारा. राणे सुरुंग काढायला लागलेही, पण रणगाड्यांच्या प्रमुखानं परिस्थिती ओळखून ताफा मुक्कामाला वळवला.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाच. आपल्याकडं मोटेला बैल जुंपायची जी वेळ असायची ती. राणे त्या पाच झाडांपाशी परत आले. साडेसहाला अडथळा मोकळा. पण पुढचा हजार यार्डांचा टप्पा म्हणजे नुसते अडथळे आणि फोडलेल्या कडा. तो साडेदहापर्यंत साफ केला. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. (चिंगस म्हणजे जुन्या मुघल वाटेवरची सराई. १६२७ साली काश्मीरहून परतताना जहांगीर बादशहा वारला, तेव्हा त्याची आतडी इथं पुरली असं सांगतात.) आता इथं नीट लक्ष द्या. रणगाडे पोचले होते. शाबासकी मिळवायची तर राण्यांनी त्यांच्याबरोबर चिंगसला जायला हरकत नव्हती. ते मागंच राहिले, कारण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्या नदीच्या पात्रातून जाऊ शकत नव्हत्या. त्यांना रस्ताच हवा. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत काम चालू.

११ एप्रिल. सकाळी सहाला सुरुवात. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीला खुला. मग त्याच्या पुढचा रस्ता, रात्री दहापर्यंत.

१२ एप्रिलला आपली फौज राजौरीत शिरली.

मी बेरीज करून पाहिली. चार दिवसांत कामाचे तास होतात पंचावन्नच्या वर, आणि तेही पहिल्याच दिवशी जखमी झालेल्या माणसाचे.

सुरुंग काढणं म्हणजे काय, तेही थोडं समजून घ्या. तेव्हा हे काम बरंचसं हातानंच चालायचं. माणूस गुडघ्यावर किंवा पोटावर असतो. संगीन किंवा सळई तिरकी धरून जमीन हलके हलके टोचत जायची. उभी टोचली तर सुरुंगाच्या टाळक्यावर दाब पडायचा, म्हणून तिरकी. टोकाला काही कठीण लागलं की थांबायचं आणि बोटांनी माती बाजूला करायची. भुईमुगाच्या शेंगा चाचपताना जसा हात चालतो तसा. दगड निघाला तर नशीब. सुरुंग निघाला तर त्याच्याखाली किंवा बाजूला दुसरा जोडलेला नाही ना, ते बघायचं. मगच तो निकामी करायचा. हे सगळं सावकाशीचं काम, आणि राण्यांना ते घाईत करायचं होतं. डोक्यावर गोळ्या चालू असताना बोटं थरथरू न देणं ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. ह्याच बॉम्बे सॅपर्सच्या प्रेमींद्रसिंग भगत यांनी १९४१ साली अबिसिनियात सलग चार दिवस सुरुंग काढले होते आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. तेव्हा खडकीत हे शिक्षण कसं मिळत असेल त्याची कल्पना यावी.

राण्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली जाते. ते म्हणे रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत पुढं जायचे आणि दोन दोऱ्या हातात धरून वरच्या चालकाला इशारे द्यायचे. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. गोष्ट बहुतेक ठिकाणी छापून आलेली आहे. मी वाचलेल्या मानपत्रात ती नाही. खोटी असेलच असं नव्हे, पण मला तिची गरज वाटत नाही. पहाटे पावणेपाचला त्याच झाडांपाशी परत येणं मला त्याहून मोठं वाटतं.

परमवीरचक्र सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला. पदकाचं चित्र तयार करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्मानं युरोपातल्या, पण लग्नानं मराठी घरातल्या. १९४७-४८ च्या लढाईतल्या पाच जणांना हे पदक मिळालं. तिघांना मरणोत्तर. हयात राहिले दोघे, शीख रेजिमेंटचे करमसिंग आणि आपले राणे. आजवरची एकूण पदकं एकवीस, त्यांतली चौदा मरणोत्तर. म्हणजे हे पदक बहुतेक वेळा घरी येतं तेव्हा ते घालणारा परत आलेला नसतो.

राणे परत आले. त्यानंतर छेचाळीस वर्षं जगले. ह्या छेचाळीस वर्षांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण त्यात धडाका नाही. नोकरी होती, बदल्या होत्या, मेजरच्या हुद्द्यापर्यंतची वाटचाल होती. १९५५ साली, छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी लग्न केलं. चार मुलं झाली. वडील पोलिसात असल्यानं बदलीपायी शाळा सोडणारा मुलगा स्वतः बाप झाला, आणि फौजी माणसाचं बिऱ्हाड म्हणजे पुन्हा तेच. नवं गाव, नवी शाळा, ट्रंकांवर रंगवलेलं नाव. ज्या घरात बापाच्या छातीवर असलं पदक आहे त्या घरातली मुलं शाळेत काय सांगत असतील कोण जाणे! पण फौजी माणसं घरात लढाईबद्दल फार बोलत नाहीत, हा आपला सगळ्यांचाच अनुभव आहे. त्या दिवशी शेजारी दोघे गेले होते, ते त्यांना आठवत असतात. राण्यांच्या घरात काय चालायचं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

१९८४ साली भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव मिळालं. कारवारच्या किनाऱ्यावरच्या माणसानं आपल्या नावाचं जहाज हयातीत पाहावं, असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. २००६ साली कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं. तो राजौरीचा रस्ता आज जम्मूहून पूंछकडं जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. चिंगसवरून ट्रक जातात, बस जातात.

राण्यांची नोंद राहिली, कारण कुणीतरी तासागणिक लिहून ठेवलं. त्यांच्याबरोबर ८ एप्रिलला जे दोघे पडले ते मानपत्रात फक्त 'दोन जवान' आहेत. आता आपल्या गावाकडं वळतो. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब, हे तुमच्यासाठी. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून दुसऱ्या महायुद्धात माणसं गेली होती. युद्ध संपल्यावर त्यांतल्या बहुतेकांना घरी पाठवलं. नोकरीची वर्षं पुरी भरली नव्हती म्हणून पेन्शन लागलं नाही. ती माणसं गुपचूप औताला लागली. गावानं त्यांना 'मिलिटरी आबा' म्हटलं आणि विषय संपला. पलटण कोणती, आघाडी कोणती, कुणी विचारलं नाही. आज त्यांतलं कुणी असेलच तर शंभरीच्या घरात. कुठं कुठं त्यांच्या मागं म्हातारी असेल.

पेन्शन नसलेल्या अशा महायुद्धकालीन सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासनाकडून मानधन आहे. ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मिळतं. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत सूट देण्याचा निर्णयही २०२० साली झालेला आहे. ग्रामपंचायतीत त्याचा कागद आला असेल. नसेल सापडत तर पंचायत समितीत विचारा. आणि म्हातारीला घेऊन जिल्ह्याच्या गावी जायच्या आधी घरातली जुनी ट्रंक उघडून बघा. तळाशी, लग्नाच्या शालूखाली, बहुधा एक डिस्चार्ज बुक असतं. कडा वाळवीनं खाल्लेल्या असल्या तरी आतलं नाव, नंबर आणि पलटण वाचता येते. ते वाचून घ्या, गावच्या दप्तरात उतरवून घ्या, आणि मूळ बुक म्हातारीच्या हातात परत द्या.